हंगाम सण, एक लाल भोपळा आणि अडकून बसलेली माफी

जुना_खजिनदार

सलाम मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. आमचं चर्च नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं). नऊ वर्षं कमिटीत खजिनदार आहे.

मागच्या महिन्यात आमचा हंगाम सण झाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतातलं, परसातलं पहिलं पीक त्या दिवशी चर्चमध्ये आणतात. वेदीपुढे उसाच्या मोळ्या, बाजरीची कणसं, अंड्यांची टोपली, पाय बांधलेल्या दोन-तीन कोंबड्या (त्या नेमक्या उपदेशाच्या मध्ये ओरडतात). उपासना संपली की पडवीत लिलाव होतो. कोथिंबिरीची जुडी पाचशेला जाते आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही, कारण पैसा देवाच्या कामाला जातो.

तर लिलावात एक लाल भोपळा निघाला. मी बोली लावली, आमच्यातल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी वर लावली. त्यांचं-माझं जुनं आहे. आठशे, हजार, पंधराशे करत मी एकवीसशेवर नेला. 'तीनवार' झाल्यावर टाळ्या पडल्या. पावती मीच फाडली, वहीत मीच लिहिलं.

संध्याकाळी मोजणी. वहीत ३८,४५०, हातात ३६,३५०. एकवीसशे कमी. पडवीतून वेस्ट्रीपर्यंत (चर्चच्या बाजूची कामकाजाची खोली) थैली आमच्या शिपायाने आणली होती. मी पंधरा-वीस जणांसमोर त्याला विचारलं, "थैली तुझ्याकडेच होती ना रे?" बायका भांडी घासत होत्या, त्या थांबल्या. तो म्हणाला, "होती साहेब." बस्स, एवढंच. मग त्याने आपण होऊन खिसे उलटे केले. कोणी सांगितलं नव्हतं. वीसची एक नोट, काडेपेटी आणि खोलीची किल्ली.

बारा दिवसांनी लग्नाला जायचं म्हणून बायकोने कोट बाहेर काढला. आतल्या खिशात चार पाचशेच्या आणि एक शंभरची नोट. आठवलं. पैसे हातात काढले होते, तेवढ्यात तरुण संघाच्या पोरांनी फोटोला बोलावलं. भोपळा दोन्ही हातांनी धरावा लागतो, म्हणून नोटा खिशात सारल्या.

पैसे त्याच दिवशी भरले. पाळकसाहेबांना सांगितलं. मग चर्चच्या मागच्या खोलीवर जाऊन त्याला म्हटलं, "पैसे सापडले, माझ्याकडेच राहिले होते, मनावर घेऊ नकोस." तो म्हणाला, "असू द्या साहेब."

घरी आल्यावर बायको म्हणाली, ही माफी नाही, ही बातमी झाली. पाळकसाहेब म्हणतात, विषय संपला, आता उकरू नका. पण रविवारी पापांची कबुली चालू झाली की माझी जीभ अडते. मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांपुढे, सांगायला हवं का? की तोही पुन्हा टाळ्यांचाच प्रकार होईल?

मोहरीचा_दाणा

वहिनींना माझा सलाम सांगा. 'मनावर घेऊ नकोस' म्हणजे चूक तुमची आणि निस्तरायचं काम त्यांचं. 'माझं चुकलं' हे दोन शब्द तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये कुठेही नाहीत. मी दोनदा वाचली.

आगाऊ_कार्टं

विषय गंभीर आहे, मान्य. पण भोपळ्याचं काय झालं?

अल्टो_दुसरी_रांग

माझं मत वेगळं आहे. बायबलात मत्तय १८:१५ पहा. आधी एकांतात जा, तुम्ही दोघंच असताना बोला. काकांनी तेच केलं. चारचौघांत माफी मागण्यात मला धोका दिसतो. आमच्याकडे साक्षीच्या वेळी (देवाने आपल्याला कसं बदललं ते उभं राहून सांगतात तेव्हा) एक गृहस्थ दर वर्षी उभे राहतात आणि आपण किती मोठे पापी होतो ते इतकं रंगवून सांगतात, की ऐकणाऱ्याला स्वतःची पापं अगदीच फुटकळ वाटायला लागतात. लोक घरी जाताना म्हणतात, "काय नम्र माणूस!" त्यांना तेच हवं असतं. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराने छाती बडवून फक्त "हे देवा, मज पाप्यावर दया कर" एवढंच म्हटलं, तेही मागे दूर उभं राहून. माईकवरून नाही.

वसईकर_केळीवाला

अल्टोताई, तुम्ही लावलेलं वचन या गोष्टीला लागत नाही असं मला वाटतं. मत्तय १८ मध्ये 'तुझ्या भावाने तुझा अपराध केला' तर काय करायचं ते सांगितलंय. समोरच्याची अब्रू झाकून ठेव, म्हणून एकांत. इथे अपराध काकांचा आहे. त्याला मत्तय ५:२३-२४ लागतं. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. आणि काका तर अर्पण मोजणारेच!

आम्ही कॅथलिक. लहानपणी कन्फेशनमध्ये फादरांनी सांगितलेलं पक्कं लक्षात आहे: पैसा चोरला तर पैसा परत द्यायचा, नाव चोरलं तर नाव परत द्यायचं. आमची धर्मशिकवण तेच सांगते, कोणाच्या लौकिकाची हानी केलीत तर भरपाई तुमच्यावर बसते, नुसतं क्षमा मिळाली म्हणून ती फिटत नाही. नाव वीस जणांपुढे गेलं ना? मग ते खोलीच्या दारात एकट्याला कसं परत देणार?

अवांतर. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी आमच्याकडे फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी बाराही पुरुष असायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या जानेवारीत नियम बदलला, तेव्हापासून बायकाही बसू शकतात. पुढे एका वर्षी आमच्या आळीतल्या एका मावशींना बसवलं. त्या पहाटेच्या लोकलने दादरला भाजी घेऊन जायच्या. त्या दिवशी दुपारभर वज्री घेऊन टाचा घासत बसल्या होत्या. म्हटलं मावशी, पाय धुवायलाच चाललाय ना? तर म्हणाल्या, "भेगा फादरच्या हाताला लागतील रे." तेव्हापासून बघतो, बाराच्या बारा जण पाय घरूनच धुऊन येतात. फादर धुतलेलेच पाय धुतात. यावर मी बराच विचार केला आहे, पण अजून कुठे पोचलो नाही.

अल्टो_दुसरी_रांग

वचनाबद्दल बरोबर. माझं चुकलं, मी दोन्ही एकच धरून चालले होते. साक्षीबद्दलचं मत मात्र मागे घेत नाही.

पायवाट

थोडं कडू लिहिते, काका, राग मानू नका.

तुमची पोस्ट पुन्हा वाचा. हेडमास्तर 'निवृत्त हेडमास्तर' आहेत, 'त्यांचं-माझं' आहे. पाळक 'पाळकसाहेब' आहेत. शिपाई 'तो' आहे. 'त्याने', 'त्याला', 'होती ना रे'. वय काय त्यांचं? मला वाटतं खरा प्रश्न भोपळ्याच्या आधी कितीतरी वर्षं सुरू झालाय.

माझे आजोबा मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी) होते. आमच्यात ती गोष्ट नेहमी सांगायचे: १८८२ साली मुक्तिफौज मुंबईत उतरली, तिचे पुढारी टकरसाहेब यांनी फकीर सिंग नाव घेतलं, गोऱ्या अधिकाऱ्यांनी बूट काढले आणि अनवाणी फिरून लोकांच्या घरचं अन्न मागून खाल्लं. सभेत हे सांगितलं की लोकांचे डोळे भरायचे. आजोबा मात्र घरी आल्यावर म्हणायचे, "साहेबाने बूट काढले म्हणून त्याची गोष्ट झाली. माझ्या बापाला काढायला बूटच नव्हते, त्याची कोण सांगणार?" टकरसाहेबांबद्दल त्यांना आदरच होता. पण फरक त्यांना दिसायचा.

आपल्या मंडळ्यांतल्या बहुतेकांचे पणजोबा गावकुसाबाहेरचे. वाकणं त्यांना पिढ्यानपिढ्या सक्तीचं होतं. ख्रिस्ताकडे आले ते ताठ उभं राहायला मिळेल म्हणूनही आले. आणि आता आपण चर्चमध्ये 'लीन व्हा' म्हणून उपदेश ऐकतो, तो नेमका कोणाच्या कानात जास्त घुसतो? शिपायाच्या. त्यांनी न सांगता खिसे उलटे केले. ती लीनता नाही हो. ती सवय आहे, आणि ती सवय आपण लावली.

फिलिप्पै २ मध्ये स्वतःला रिक्त करून दासाचं रूप घेतलं ते कोणी? ख्रिस्ताने, जो वर होता त्याने. खालच्याला आणखी खाली जा असं तिथे कुठे आहे ते मला दाखवा.

जुना_खजिनदार

पायवाटताई, राग नाही. पण दोन दिवस उत्तर लिहवलं नाही, हे खरं.

ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत. मी कमिटीत आलो त्याच्याही आधीपासून चर्चमध्ये आहेत, म्हणजे 'अरे-तुरे' मी सुरू केलेलं नाही, आधीच्यांकडून घेतलं. हे कारण म्हणून लिहायला घेतलं होतं, पण लिहून झाल्यावर कारण वाटलं नाही. तसंच ठेवतो.

आमचे स्वतःचे आजोबा मिशनच्या बंगल्यावर माळी होते. साहेब त्यांना काय हाक मारायचा ते घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढे लिहीत नाही.

@आगाऊ_कार्टं: भोपळा माळ्यावर आहे. बायको चिरत नाही, म्हणते आधी निकाल लागू दे.

वारीला_चाललो

मी ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला आहे. धागा आवडला म्हणून थांबलो. वारीत आम्ही एकमेकांच्या पाया पडतो. मी पडलो की समोरचाही माझ्या पडतो, लहान-मोठा बघत नाहीत, नाव न विचारता 'माऊली' म्हणतात. पहिल्या वर्षी एक सत्तरीच्या आजी माझ्या पाया पडल्या तेव्हा मी घाबरून दोन पावलं मागे गेलो होतो. पण खरं सांगू? परत आल्यावर गावात तेच लोक पुन्हा पाटील आणि पुन्हा गडी होतात. माझ्या घरातही झालेत. तेव्हा आमच्याकडे उत्तर आहे असं समजू नका. एवढंच वाटलं, की पाया पडताना दोघांनीही पडायचं ही युक्ती चांगली आहे. एकटा वाकला की बघणारे जमतात.

शब्दकोशवाला

नव्या करारात 'लीन' येतं तिथे बहुतेक ठिकाणी मूळ ग्रीक शब्द 'तापेइनोस'. म्हणजे खालचा, सखल, हलक्या प्रतीचा. त्या काळच्या ग्रीक-रोमन समाजात हे कौतुक नव्हतं, गुलामाला किंवा लाचाराला लावायचा शब्द. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी तो उचलून सद्गुण केला. मत्तय ११:२९ मध्ये येशू स्वतःबद्दल 'मनाचा सौम्य व लीन' म्हणतो तिथेही तोच. त्यामुळे पायवाट म्हणतात ते भाषेच्या अंगानेही पटतं: शब्द आधी वरच्याने स्वतःला लावून घेतला, मग त्याचं मोल बदललं.

जुना_खजिनदार

ग्रीक कळलं, धन्यवाद. पण रविवारी माझ्यासमोर जी मंडळी बसते तिथे ग्रीक कोणी नाही.

केडगावची_नात

शब्दकोशवाल्यांना इतकं झटकू नका काका, शब्दांवरून मला माझी आजी आठवली. ती केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. ते मिशन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंना तिने पाहिलं नव्हतं (त्या १९२२ ला गेल्या), पण तिथल्या मोठ्या बायकांकडून ऐकलेलं पुष्कळ सांगायची.

विचार करा, कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली ज्या बाईला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, ती उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर करायला बसते, आणि संस्कृत येत असून जड संस्कृत शब्द टाळून साधं, बोलीतलं मराठी लिहिते. कोणासाठी? मुक्तीत आलेल्या, नुकत्याच वाचायला शिकलेल्या मुलींसाठी. ते पुस्तक छापलंही तिथल्याच बायकांनी, खिळे जुळवून. विद्वानांना ती भाषा ओबडधोबड वाटली तर वाटो. येत असलेलं न दाखवणं किती अवघड आहे हे मला रोज शाळेत शिकवताना कळतं. वर्गात इन्स्पेक्शनला कोणी आलं की माझं मराठी आपोआप जड होतं.

तेव्हा काका, सांगाल तर साध्या शब्दांत सांगा. 'माझ्याकडून अनवधानाने गैरसमज निर्माण झाला' असलं काही नको. 'माझ्या कोटात होते. मी यांच्यावर घातलं. माझं चुकलं.' झालं.

मोहरीचा_दाणा

'गैरसमज निर्माण झाला' :)) आमच्या कमिटीच्या प्रोसिडिंग बुकात हे वाक्य किमान दहा ठिकाणी आहे. गैरसमज आपोआपच निर्माण होतात आमच्याकडे, पावसाळ्यात शेवाळ येतं तसे.

हिशेब_दाखवा

सगळे मनाबद्दल बोलताय, मी वहीबद्दल बोलतो. मी बँकेत होतो. रोख रक्कम एकाच माणसाने घ्यायची, त्यानेच पावती फाडायची, त्यानेच वहीत चढवायची आणि संध्याकाळी त्यानेच मोजायची, हीच मुळात चूक. दोघांनी मोजा, दोघांनी सही करा, तिथल्या तिथे.

आणि हे काही बँकेचं खूळ नाही. २ करिंथ ८:२०-२१ काढा. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा झाली तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली, म्हणजे कोणी बोट दाखवू नये. देवापुढेच नाही, माणसांपुढेही नीट दिसलं पाहिजे म्हणतो. पौलासारखा पौल जर 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणत नाही, तर आपले खजिनदार 'नऊ वर्षं मीच बघतो' कशाच्या जोरावर म्हणतात? मला विचाराल तर स्वतःचा हिशेब दुसऱ्याला तपासू देणं हीच मोठी लीनता, आणि तिच्यात रडायला लागत नाही.

जुना_खजिनदार

हे वर्मी लागलं. मागच्या वर्षी कमिटीतल्या एका तरुण पंचाने दोघांच्या सहीचं सुचवलं होतं. मी म्हटलं होतं, "माझ्यावर संशय आहे का?" तो पोरगा गप्प बसला. त्याच्याशीही बोलावं लागणार. यादी वाढत चालली आहे.

जुना_खजिनदार

(चार दिवसांनी.) काल रविवार होता. काय झालं ते लिहितो.

शनिवारी रात्री आधी त्यांच्या खोलीवर गेलो. वसईकरांनी म्हटलं तसं मंडळीपुढे सांगायचं ठरवलं होतं, पण पायवाटताईंमुळे वाटलं, त्यांना न विचारता त्यांचं नाव पुन्हा सगळ्यांपुढे का काढायचं? दारात उभा राहून म्हटलं, "अहो, जरा बोलायचं होतं." 'अहो' ऐकून ते चटकन उठले आणि म्हणाले, "काय चुकलं का साहेब?" मला पुढचं काही सुचेना. शेवटी खाली सतरंजीवर बसलो. म्हटलं, चूक माझी होती, त्या दिवशी सगळ्यांपुढे मी तुम्हाला चोर ठरवलं, उद्या सूचनांच्या वेळी मला ते सांगायचंय, तुमची हरकत आहे का?

मला वाटलं होतं 'असू द्या' म्हणतील. नाही म्हणाले. बराच वेळ काडेपेटी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "सांगा. माझ्या मुलीच्या सासरचेही होते त्या दिवशी. त्यांनी नंतर तिला विचारलं होतं." हे मला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. तीन आठवडे ते हे घेऊन घंटा वाजवत होते.

रविवारी सूचना झाल्यावर उभा राहिलो. केडगावच्या ताईंची तीन वाक्यं चिठ्ठीवर होती. पहिली दोन म्हटली, तिसऱ्याला आवाज गेला. मधे एक वाक्य पदरचं घातलं, "आणि पैसे खिशात गेले कारण मला भोपळ्याबरोबर फोटो काढायचा होता." मागून कोणीतरी हसलं. बहुतेक हेडमास्तर. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, बरं झालं. शिपाई स्वतः तेव्हा आत नव्हते, बाहेर मोटरसायकली लावून घेत होते. मुद्दाम नव्हते की कामामुळे, मी विचारलं नाही. त्यांची मुलगी बायकांच्या बाजूला बसली होती, तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि समोर बघत राहिली.

नंतर वेस्ट्रीत थैली आली ती त्या तरुण पंचाने आणली. ते दारात उभे होते. म्हणाले, "त्या दिवसापासून मी थैलीला हात लावत नाही. आता लावायची का?" मी म्हटलं, लावा. पाळकसाहेब म्हणाले, ठरावात घेऊ. (पाळकसाहेब थोडे नाराज आहेत, म्हणाले मला आधी सांगायचं होतं. तेही खरंच.) मोजणीला आता दोन सह्या. हिशेब_दाखवा यांच्या सूचनेत मी भर घातली की तिसरी सही थैली आणणाऱ्याची. ती कमिटीत अजून मंजूर नाही. एक जण म्हणाले, शिपायाची सही वहीत बरी दिसत नाही. भांडण चालू आहे.

पायवाट

वाचलं. त्या मुलीच्या सासरच्यांपर्यंत पोचलं का हे बघा काका. ते रविवारी होते का?

जुना_खजिनदार

नव्हते. ते राहुरीला असतात. शनिवारी जाणार आहे.

वसईकर_केळीवाला

एकटे जाऊ नका. वहिनींना घेऊन जा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका.

आगाऊ_कार्टं

भोपळा न्या की!

जुना_खजिनदार

बायको तेच म्हणतेय. माळ्यावरून काढला, पुसून ठेवलाय. देठाकडे जरा मऊ वाटतोय, पण शनिवारपर्यंत टिकेल.